सपाट कापड, गोल अंग

आतून एक तांब्या आणा पाहू, आणि फडताळातला एक जुना सुती रुमाल. तांब्या पालथा घाला, रुमाल त्याच्या बुडावर मधोमध पसरा आणि हात काढून घ्या. आता नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही. वर कापड सपाट राहिलं, पण कडेवरून खाली उतरलं तसं त्याला घड्या पडल्या. एक आत, एक बाहेर, पुन्हा एक आत. तुमच्यापैकी कोणी घातल्या का त्या? कोणीच नाही. कापड आपलं आपण दुमडलं, आणि नीट आकार धरून दुमडलं.

आता रुमाल काढा आणि पेजेची खळ दिलेला एखादा कडक धोतराचा तुकडा टाका. घड्या कमी झाल्या आणि रुंद झाल्या. त्याच्या जागी माझं सोवळ्याचं रेशमी उपरणं टाकलं, तर घड्या वाढतात आणि अरुंद होतात. तांब्या तोच, पृथ्वीची ओढ तीच. बदललं ते कापडाचं ताठपण.

हे ताठपण मोजताही येतं. मँचेस्टरला शर्ली इन्स्टिट्यूट नावाची कापडावर संशोधन करणारी संस्था होती. तिथल्या एफ. टी. पियर्स यांनी १९३० साली एक साधी रीत सांगितली. कापडाची पट्टी टेबलावर ठेवायची आणि काठाबाहेर हळूहळू सरकवायची. पट्टीचं टोक स्वतःच्या वजनाने वाकत जातं. ते आडव्या रेषेपासून ४१.५ अंश खाली आलं की थांबायचं आणि काठाबाहेर किती लांबी आली ते मोजायचं. त्या लांबीचा निम्मा म्हणजे त्या कापडाच्या ताठपणाचा आकडा. ४१.५ च का? कारण त्या कोनाला गणित इतकं सोपं होतं की भागायला फक्त दोन लागतात. आपल्या ओटीच्या काठावर, एक फूटपट्टी आणि कोनमापक घेऊन हे तुम्ही आज करू शकता. आजीला विचारल्याशिवाय पैठणीला मात्र हात लावायचा नाही.

पण मुळात घडी पडतेच का? हा प्रश्न फार मोठ्या माणसाला पडला होता, जरी त्याच्यासमोर कापड नव्हतं, जमीन होती. कार्ल फ्रीडरिश गाउस हा जर्मनीतला गणिती. १८२० नंतरची काही वर्षं तो हॅनोव्हर राज्याच्या जमिनीची मोजणी करत रानोमाळ हिंडला. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. १८२७ साली त्याने सिद्ध करून दाखवलं की सपाट पृष्ठाला ताण न देता, न फाडता, कधीही गोलाचा आकार देता येत नाही. तुम्हीच करून बघा. कागद बांबूला गुंडाळा, मुकाट्याने बसतो, कारण बांबू एकाच दिशेने वाकलेला आहे. तोच कागद नारळाला गुंडाळा. लगेच चुण्या. नारळ दोन्ही दिशांनी वाकलेला आहे आणि कागदाला ते एकाच वेळी जमत नाही.

माणसाचं अंग नारळाच्या बाजूचं आहे, बांबूच्या नाही. खांदा, छाती, कंबर, गुडघा, सगळं दोन्ही दिशांनी गोल. आणि मागावरून उतरतं ते कापड पाटासारखं सपाट. जगातल्या सगळ्या पेहरावांची गोष्ट इथून सुरू होते, आपल्या लुगड्याचीही आणि पॅरिसच्या झग्याचीही.

यावर माणसाने दोन उत्तरं शोधली. एक कात्रीचं, एक निरीचं.

कात्रीचं उत्तर शिंपी देतो. जिथे कापड जास्त होतं तिथे तो पाचरीसारखा भाग दुमडून आत शिवतो, त्याला टक म्हणतात. एक पाचर काढून घेतली की सपाट कापडाचा उथळ द्रोण होतो. गाउसच्या नियमाला शिंप्याने दिलेली ही बगल आहे. आपल्याकडच्या जुन्या खणाच्या चोळीला अशी पाचर क्वचित असे. तिथे लहान लहान तुकडे बेतून, एकमेकांना हाताने जोडून गोलाई साधत आणि पुढे गाठ मारत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सिंगरचं मशीन गावोगाव पोचलं, चोळीबरोबर पोलकी आली, मग ब्लाउज आले, आणि शिंप्याच्या खडूला काम वाढलं. तो खडू खाकी कागदावर किंवा थेट कापडावर काय काढतो ते कधी नीट बघा. बाही काढतो ती बाहीसारखी दिसतच नाही, घंटेच्या आकाराची दिसते. गळा अर्धाच काढतो, कारण कापड दुहेरी असतं. शिंप्याचं चित्र हे कापड अंगावर चढण्याआधीचं चित्र आहे. चित्रकार काढतो ते चढल्यानंतरचं. दोघांच्या मधे तो सगळा चमत्कार घडतो, जो तुम्ही आत्ता तांब्यावर पाहिलात.

निरीचं उत्तर लुगड्याचं. कापायचंच नाही. नऊ वार सलग कापड घ्यायचं, कमरेशी जास्तीचं सगळं निऱ्यांत मिटवायचं, मागे काष्टा खोचायचा आणि पदर छातीवरून तिरपा नेऊन डाव्या खांद्यावर टाकायचा. त्या तिरपेपणात एक गंमत लपली आहे. हा रुमाल उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा. हलत नाही. आडव्या धाग्याने ओढा. तरीही फारसा हलत नाही. आता दोन विरुद्ध कोपरे धरून ओढा. लगेच लांबला! धागे लांबले नाहीत, धाग्यांमधले चौकोन तिरके होऊन शंकरपाळ्याच्या आकाराचे झाले. याला शिंपी औरेब म्हणतात. औरेबात कापड थोडं फसवतं, गाउसच्या नियमातून थोडी पळवाट काढतं, म्हणून चुण्या न पडता गोलाईवर बसतं. तिरपा गेलेला पदर खांद्यावर जो असा आपसूक बसतो तो त्यामुळे. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने या बाईंनी १९२० च्या दशकात सबंध पोशाख औरेबात बेतायला सुरुवात केली आणि युरोपातल्या बायकांना अंगासरशी वाहणारं कापड मिळालं. कापण्याआधी त्या कागदावर चित्र काढत नसत. लहानशा लाकडी बाहुलीवर खरं कापड टाकून बघत, आणि कापड सांगेल तसं कापत. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. त्यांनी कापडाला विचारलं.

आपल्या कोकण किनाऱ्याला हे शहाणपण कोणी शिकवावं लागलं नाही. चौलचं नाव कापडासाठी दूरवर गाजलं होतं. इथल्या रेशमी आणि सुती मालाची पोर्तुगीजांच्या काळात आलेल्या परदेशी प्रवाशांनी वाखाणणी केली आहे. सतराव्या शतकात मुंबई वाढू लागली तेव्हा चौलचे विणकर तिकडे जाऊन वसले. आणि नेसण्याचं शहाणपण बघायचं असेल तर रेवस, थळ, वरसोली, कुठल्याही कोळीवाड्यात जा. होडी किनाऱ्याला लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरून पाट्या उचलून आणत. त्यांचं लुगडं गुडघ्याच्या वर, काष्टा घट्ट, अंगावर फडकी. का? ओलं कापड पाणी धरून जड होतं हे तर कळतंच, पण त्याहून मोठी अडचण चिकटण्याची. ओल्या कापडाच्या आणि कातडीच्या मधे पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि पाण्याचा पृष्ठताण दोघांना आवळून धरतो. घोट्यापर्यंत लोंबतं कापड असतं तर प्रत्येक पावलाला पाय बांधला गेला असता. गुडघ्याखाली कापडच नाही, मग चिकटणार काय? आणि ते लुगडं सुती असणं हेही योग्यच. सूत ओलं झालं की अधिक चिवट होतं, रेशीम ओलं झालं की थोडं कमजोर पडतं.

धाकटीने मघाशी विचारलं की ओलं कापड काळपट का दिसतं. छान प्रश्न. पाण्याला तर रंग नाही. सुताचा धागा म्हणजे असंख्य बारीक तंतू आणि त्यांच्या मधली हवा. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत शिरताना दर वेळी वाकतो आणि विखुरतो. हवेचा वक्रीभवनांक १, तंतूचा सुमारे १.५. फरक मोठा, म्हणून विखुरणं जास्त, म्हणून पुष्कळ प्रकाश परत आपल्या डोळ्यांकडे येतो आणि कापड उजळ दिसतं. पाणी शिरलं की हवेची जागा १.३३ वक्रीभवनांकाचं पाणी घेतं. फरक कमी झाला. प्रकाश परत फिरण्याऐवजी आत खोल जातो आणि तिथेच शोषला जातो. नागावच्या पुळणीवर लाट मागे सरली की ओल्या वाळूचा गडद पट्टा दिसतो ना, तिथेही हेच घडतं.

आता हे सगळं, वजन, ताठपण, ओल, औरेब, कागदावर रेघांनी दाखवायचं म्हणजे काय काम असेल सांगा. ज्यांनी ते आपल्याकडे सगळ्यांत प्रेमाने केलं त्यांचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७ चा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकायला आले, तिथेच शिक्षक झाले आणि त्या शाळेत आपलं आयुष्य घालवलं. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अधिकाऱ्याचं भारतातल्या स्त्रियांवरचं पुस्तक निघालं, त्यातली चित्रं धुरंधरांची. कोण कशी नेसते, पदर कुठून कुठे जातो, डोक्यावर किती येतो, दागिना कुठला, हे सगळं त्यात इतकं नेमकं आहे की आज कोणाला तो पेहराव पुन्हा उभा करायचा असेल तर ती चित्रं समोर ठेवून करता येईल.

त्यांच्या चित्रात मी तुम्हाला काय बघायला सांगेन? चेहरा नंतर बघा. आधी आधाराच्या जागा शोधा. कापड अंगाला कुठे टेकलं आहे? खांदा, कंबर, वाकलेला गुडघा, काखेत धरलेली घागर. घड्या नेहमी आधारापासून निघतात. एकच आधार असेल तर घड्या तिथून पसरत खाली जातात. दोन आधारांमधे कापड मोकळं असेल तर त्याला झोळ पडतो, आणि झोळाचा तळ वजनाने ठरतो. खोटं चित्र ओळखायचं असेल तर हीच परीक्षा. वाईट चित्रकार घड्या वाटेल तिथे काढतो, त्यांना आधार नसतो. धुरंधरांची एकही निरी मला निराधार दिसलेली नाही.

त्याच सुमाराला पॅरिसमध्ये कपड्यांची चित्रं निराळ्याच वाटेने चालली होती. पॉल प्वारे या शिवणकारागिराने १९०८ मध्ये पॉल इरीब या चित्रकाराकडून आपल्या पोशाखांचं एक देखणं पुस्तक काढून घेतलं. त्यात रेघ बारीक, सावली जवळजवळ नाही, आणि रंग साच्याच्या भोकांतून हाताने भरलेले, सपाट. सुंदर आहेत ती चित्रं, डोळ्याला गारवा देणारी. पण कापड जड आहे की हलकं हे त्यातून फारसं कळत नाही. शिकायला बसायचं तर मी धुरंधरांपाशी बसेन.

आणि राजा रविवर्मा? त्यांचं ‘गॅलॅक्सी ऑफ म्युझिशियन्स’ नावाचं १८८९ चं चित्र आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या ११ बायका, आणि प्रत्येकीचा पेहराव निराळ्या प्रांताचा. त्यांच्या कितीतरी नायिका नऊवारीत आहेत. पण तैलचित्र एकच असतं आणि ते राजवाड्यात राहतं. कोकणातल्या माजघरापर्यंत ते चित्र आलं कसं? दगडावरून आलं. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. आपले दादासाहेब फाळके, सिनेमावाले, तेही तरुणपणी या छापखान्यासाठी काम करत. तिथली छपाई शिळाछाप होती. म्हणजे खरोखरीचा दगड, पाटीसारखा घासून गुळगुळीत केलेला, मोठा असला तर उचलायला तीन-चार माणसं लागावीत असा.

या शिळाछापेचा शोध कपड्यांपायीच लागला म्हणा ना. म्युनिकला अलोइस झेनेफेल्डर नावाचा एक तरुण होता. नाटकं लिहायचा आणि ती स्वस्तात छापायची खटपट करायचा. १७९६ सालची गोष्ट. आई म्हणाली, धोबीण दारात उभी आहे, कपड्यांची यादी लिहून घे. घरात कागदाचा कपटा नाही, दौतीत शाई नाही. समोर नुकताच घासलेला चुनखडीचा दगड होता आणि मेण, साबण आणि काजळी घोटून केलेली त्याची स्वतःची शाई होती. त्याने यादी दगडावरच लिहिली. पुसायच्या वेळी त्याला वाटलं, यावर आम्ल ओतून बघू. तिथून खटपट सुरू झाली, आणि १७९८ पर्यंत त्याच्या हाती खरी युक्ती लागली. दगड कोरायची गरजच नाही, तेल आणि पाणी यांचं भांडण पुरेसं आहे.

ते असं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर साबण-चरबी असलेल्या शाईने रेघ ओढली की चरबीतली आम्लं दगडातल्या कॅल्शियमला धरतात आणि तिथे कॅल्शियमचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, दगडाचाच होऊन बसतो. मग सगळ्या दगडावर डिंकाचं पाणी आणि किंचित आम्ल फिरवतात. जिथे रेघ नाही तिथे डिंक पकडतो, आणि डिंकाला पाणी प्रिय. आता दगड ओला करा, त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवा. ओल्या जागी शाई लागत नाही, रेघेवर लागते. कागद ठेवा, दाबा, उचला. चित्र तयार.

हा कॅल्शियमचा साबण तुम्ही रोज पाहता. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं की साबणाला फेस येत नाही, बादलीत पांढरे दह्यासारखे कण तरंगतात आणि आजी वैतागते. तेच ते! क्षारांतलं कॅल्शियम आणि साबणातली चरबी. कपडे धुताना जो नकोसा होतो, तोच दगडावर चित्र धरून ठेवतो. आणि तेलाचा थेंब शहाबादी फरशीवर सांडला तर डाग का जात नाही, याचंही उत्तर थोडं इथेच आहे, कारण शहाबादी ही चुनखडीच.

दगडावर चित्र काढणाऱ्याला एक मोठी कसरत करावी लागे. छापताना चित्र उलटं होतं, डावं ते उजवं. म्हणजे कागदावर लक्ष्मीचा पदर डाव्या खांद्यावर यायचा असेल तर दगडावर तो उजव्या खांद्यावर काढायचा! सगळ्या निऱ्या, सगळे हात, सगळं आरशातलं. आणि रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एक दगड पिवळ्याचा, एक लालचा, एक कातडीच्या फिकट गुलाबीचा, असे दहा-बारा, कधी त्याहून जास्त. तोच कागद एकेका दगडावरून फिरायचा आणि दर वेळी केसभरही न सरकता बसायला हवा. भिंग घेऊन जुनं चित्र बघा. सावलीच्या जागी हाताने टिंबलेले हजारो ठिपके दिसतील, आणि एखाद्या चित्रात ओठांचा लाल रंग ओठांच्या जरा बाहेर. तो कारागिराचा निष्काळजीपणाच असेल असं नाही. कागदाचे तंतू दमट हवेत पाणी पितात आणि फुगतात, लांबीपेक्षा जाडीत जास्त. म्हणून कागद एका दिशेने अधिक वाढतो. पहिल्या रंगाच्या आणि शेवटच्या रंगाच्या मधे हवा पालटली की चित्र सरकलंच. आपल्याकडच्या जुलैत तुम्हीही हे अनुभवता. इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडते, कारण सुताच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बारीक बंध ओल शिरली की सुटतात.

काही घरांतून तर बायकांनी या छापील लक्ष्मीला खरं कापड नेसवलं. रेघेबरहुकूम जर बसवायची, टिकल्या शिवायच्या, काठाला खरा काठ. बघा कसा फेरा झाला. कापडाचं चित्र झालं, चित्राचा दगड झाला, दगडाचा पुन्हा कागद, आणि कागदावर पुन्हा कापड.

थोरला विचारतोय की असा दगड आपल्याकडे का नाही, इतके तर दगड आहेत. चला, लिंबू कापा. एक शिंपला आणा आणि अंगणातला एक काळा दगड. दोन्हींवर रस पिळा. शिंपल्यावर बारीक फेस आला ना? ते कार्बोनेट, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघाला. काळा दगड ढिम्म. तो बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून उकळत आलेला लाव्हारस थिजून झालेला. कोर्लईचा डोंगर त्याचाच, कुलाबा किल्ल्याचे चिरे त्याचेच. त्यात स्फटिक एकमेकांत गुंतलेले, मधे वायूच्या बुडबुड्यांची भोकं, आणि चरबीला धरणारा चुना असा मोकळा नाही. किल्ला बांधावा तर याच दगडाने. पण लुगड्याची निरी त्यावर उतरणार नाही.

उत्तम शिळाछाप दगड येई तो बव्हेरियातल्या झोल्नहोफेन गावाच्या खाणींतून. तो दगड कधीकाळी समुद्राच्या तळचा चिखल होता. १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार सरोवरं होती, समुद्रापासून खडकांच्या रांगांनी तोडलेली. पाणी तापून आटायचं, खारट आणि जड होऊन तळाशी बसायचं. तिथे प्राणवायू जवळजवळ नाही, म्हणून तळात राहणारं कोणी नाही. आपल्या रेवदंड्याच्या खाडीचा चिखल आठवा. निवट्या उड्या मारतायत, खेकडे बिळं करतायत, किडे माती उपसतायत. तुमच्या पावलाचा ठसा दुसऱ्या भरतीपर्यंत टिकत नाही. हा चिखल जिवंत आहे, तोच त्याचा मोठेपणा. तिथला तळ मात्र निर्मनुष्यच काय, निर्जीव होता. चुन्याचा अतिशय बारीक गाळ थरावर थर बसत राहिला आणि कोणी तो ढवळला नाही. त्यामुळे दगड इतका एकसारखा आणि बारीक कणांचा झाला की चित्रकाराची केसाएवढी रेघही त्यावर तुटत नाही.

आणि त्याच कारणाने त्यात दुसरीही चित्रं उमटली. चतुराचे पंख, शिरांसकट. हाड नसलेला जेलीफिश. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका कवचधारी प्राण्याची तर पूर्ण गोष्टच सापडली आहे. तो त्या विषारी तळाशी पडला, उठला, धडपडत चालत राहिला. जवळजवळ १० मीटर लांब त्याची पावलं उमटली आहेत, आणि पावलांच्या शेवटी तो स्वतः आहे. मग १८६१ साली एका पाटीवर एक पीस दिसलं. एकच पीस, मधली दांडी आणि दोन्ही बाजूंचे तंतू स्पष्ट. त्याच वर्षी पिसं असलेला सांगाडाही जाहीर झाला. तोंडात दात, शेपटीला सरड्यासारखी हाडं, आणि अंगावर पक्ष्याची पिसं. आर्किऑप्टेरिक्स! डार्विनचं पुस्तक येऊन दोनच वर्षं झाली होती आणि सरपटणारे प्राणी नि पक्षी यांच्यामधला दुवा दगडातून बाहेर आला. लंडनच्या संग्रहालयाने १८६२ मध्ये तो सांगाडा असलेला सगळा संग्रह ७०० पौंडांना घेतला. छपाईसाठी पाट्या तासत नसते, एकेक पाटी उलटून न्याहाळत नसते, तर तो कोणाला दिसला असता?

आता दगड छपाईतून गेले. पण भांडण तेच ठेवलंय, तेल आणि पाण्याचं. भिंतीवरचं कालनिर्णय, लग्नाच्या पत्रिका, तुमची पाठ्यपुस्तकं ज्या ऑफसेट यंत्रावर छापतात त्यात दगडाच्या जागी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. तो ओला होतो, मग शाई घेतो, आणि शाई लागते ती फक्त चित्राच्या जागी. मधे एक रबरी चादर असते, ती कशी आली तेही ऐका. १९०४ साली अमेरिकेत आयरा रुबेल नावाचा छपाईवाला शिळाछापेच्याच धर्तीचं यंत्र चालवत होता. कागद घालायचा एकदा राहिला आणि चित्र कागदाऐवजी खालच्या रबराच्या रुळावर उमटलं. पुढचा कागद आला तेव्हा त्याच्या पाठीवर रबरावरचं चित्र लागलं. त्याने बघितलं, तर पाठीवरचं चित्र पुढच्यापेक्षा सुबक! रबर मऊ, म्हणून कागदाच्या उंचसखल भागांत शाई नीट पोचली होती. तेव्हापासून चित्र आधी पत्र्यावरून रबरावर आणि मग रबरावरून कागदावर जातं. दोनदा उलटतं, म्हणजे सुलटंच येतं. आता पत्र्यावरसुद्धा लक्ष्मीचा पदर डाव्याच खांद्यावर असतो.